सुविधा शुल्क परत मिळत नाही

आईचे कान चाललेत हे मला पहिल्यांदा कळलं ते तिच्या शिलाई मशीनपाशी. ती ब्लाउज शिवत होती आणि वरचा धागा तुटला. एरवी धागा तुटला की मशीनचा आवाज पोकळ होतो आणि तिचा पाय आपोआप थांबतो. त्या दुपारी पाय थांबला नाही. वीतभर कापड सुईखालून बिनटाक्याचं पुढे सरकत गेलं. मी दारात उभी होते. "आई, धागा तुटला," मी म्हटलं. तिने मान वर केली नाही.

अकोल्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन लावले आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. मी बाहेरून बघत होते. बराच वेळ बोट वर गेलंच नाही. मध्येच एकदा गेलं, तेव्हा डॉक्टरांनी काही लावलेलंच नव्हतं. डावा कान गेल्यातच जमा, उजव्यात थोडं शिल्लक आहे, तेही उतरत जाईल, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. "कानाला मशीन लावता येईल. समोर बसून बोललेलं बरंचसं कळेल. पण गाण्याचं विचाराल तर ते मशीनमधून तसं लागत नाही."

"किती दिवस आहेत?" मी विचारलं. असं आजारी माणसाबद्दल विचारतात, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"काही महिने. वर्षभरही निघेल. नक्की नाही सांगता येत."

ऑटोत मी तिच्या उजव्या बाजूला बसले आणि कानाशी तोंड नेऊन मशीनचं सांगितलं, बोलणं कळेल ते सांगितलं. गाण्याचं गाळलं. टॉवर चौक आला तेव्हा ती म्हणाली, "अन् गान्याचं काय म्हने तो?"

मी ऑटोवाल्याला पुढून वळायला सांगितलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

बाबा गेले तेव्हा मी सहावीत होते. तेव्हापासून आईने लोकांचे ब्लाउज शिवून घर चालवलं, आणि इतकी वर्षं मशीनच्या वरच्या फळीवर रेडिओ सुरू असायचा. बातम्या, शेतीच्या सूचना, सगळं वाजायचं, तिचं लक्ष नसायचं. पण एका गायिकेचा आवाज लागला की ती हातातलं काम थांबवायची. माप द्यायला आलेल्या बाईला हातानेच "थांब" म्हणायची आणि मोजायची टेप गळ्यात तशीच ठेवून गाणं संपेपर्यंत उभी राहायची. ती बाईही उभी. त्या गायिकेला तिने पाहिलं नव्हतं. फोटो पाहिला असेल पेपरात, तेवढंच.

डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर महिन्याभरातली गोष्ट. आम्ही बाजारातून येत होतो. सिग्नलला ऑटो थांबला आणि आईने माझं मनगट धरलं. चौकातल्या मोठ्या बोर्डावर त्याच गायिकेचा फोटो होता. केस पांढरेशुभ्र, हातात तानपुरा. अमरावतीला रविवारी सकाळी साडेदहाला मैफल. खाली लाल पट्टीत, 'तिकीट फक्त ४९९ रुपयांपासून. फक्त ऑनलाइन.' आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने अक्षर अक्षर लावून सगळा बोर्ड वाचला, आणि ऑटो सुटल्यावर म्हणाली, "मले नेशीन का व एकडाव?"

माझी आई काही मागत नाही. माझं लग्न मोडलं आणि मी दोन बॅगा घेऊन परत आले, तेव्हाही तिने काहून म्हणून विचारलं नव्हतं. ताट वाढलं होतं. त्यामुळे 'नेशीन का' हे शब्द मला फार मोठे वाटले.

"नेतो ना," मी तिच्या कानात ओरडून सांगितलं. ऑटोवाल्याने मागे वळून पाहिलं.

ऑनलाइनची मला भीती नव्हती. तो माझा धंदाच आहे. बसस्टँडजवळच्या गल्लीत माझं छोटं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, स्कॅनर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. मी लोकांचे फॉर्म भरून देते. परीक्षेचे, दाखल्यांचे, शिष्यवृत्तीचे, पेन्शनचे. ज्यांना पासवर्ड म्हणजे काय कळत नाही, त्यांचे पासवर्ड मी माझ्या वहीत जपून ठेवते. तिकीट काढणं म्हणजे माझ्यासाठी काय मोठं काम होतं?

तिकीटविक्रीच्या आदल्या दिवशी आम्ही कागदावर सभागृह काढलं. आईचा उजवा कान कामाचा. म्हणजे तिला सभागृहाच्या डाव्या अंगाला बसवायचं, म्हणजे स्टेज उजवीकडे येईल. आणि फार मागे नाही. सातव्या-आठव्या रांगेतली तिकिटं नऊशे नव्याण्णवची होती. लग्नसराईच्या शिलाईचे दोन हजार रुपये आईने मला आधीच दिले होते. ते मी बँकेत भरून आले.

"दोघीचं होते ना तेवढ्यात?" तिने विचारलं.

"दोन रुपये उरतात," मी दोन बोटं दाखवली. ती हसली.

सकाळी दहाला विक्री सुरू होणार होती. आई पावणेदहापासून माझ्या शेजारी येऊन बसली, चांगलं लुगडं नेसून, जणू तिकीटवाले तिला बघणार होते. दुकानात एकच गिऱ्हाईक होतं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाद्या भरणारे चाचा. नातीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आले होते. "तुमचं होऊ द्या बेटी, मले काई घाई नाई," ते म्हणाले आणि ते पण स्क्रीनकडे बघत बसले.

जागा मिळाल्या. सातवी रांग, डावं अंग, कडेच्या दोन. मी दाबलं आणि दोन्ही चौकोन हिरवे झाले. आईला बोटाने दाखवलं, ही तू, ही मी. वर कोपऱ्यात घड्याळ उलटं चालू झालं, आठ मिनिटं. मी नाव घातलं, नंबर घातला, आलेला कोड घातला. दर पानावर खाली एकच आकडा होता, एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. पाच पानं तोच आकडा. सहाव्या पानावर, पैसे भरायचं बटण आलं तिथे, तो दोन हजार चारशे एकोणपन्नास झाला.

मला वाटलं तीन तिकिटं घेतली गेली. मागे जाऊन पाहिलं, दोनच होती. मग आकड्याशेजारी एक बारीक बाण दिसला. तो दाबल्यावर सगळं उलगडलं. दर तिकिटामागे सुविधा शुल्क. त्या सुविधा शुल्कावर कर. मग तिकीट सुरक्षा, तिला मला न विचारता खूण करून ठेवलेली. मग कलेसाठी दहा रुपये देणगी, त्यालाही खूण केलेलीच. मी घाईघाईने खुणा काढल्या. सुरक्षेची काढली तर मध्येच एक चौकट उघडली, 'तुम्हाला खरंच धोका पत्करायचा आहे का?' तिला बंद करायची फुली कुठे आहे ते शोधण्यात वेळ गेला. सगळं काढूनही दोन हजार दोनशे एक्क्याऐंशी राहिले. सुविधा शुल्काला खूण नव्हती, ते काढता येत नव्हतं.

खात्यात दोन हजार दोनशे बारा होते. दुकानाचं भाडं दोनच दिवसांपूर्वी गेलं होतं.

एकोणसत्तर रुपये कमी. घड्याळात अडीच मिनिटं.

"काय झालं?" आई विचारत होती. तिला माझा चेहरा दिसत होता. "काय झालं व? भेटलं का?"

चाचांनी काही न विचारता शर्टाच्या खिशातून शंभराची नोट काढून की-बोर्डवर ठेवली. मी त्या नोटेकडे बघत राहिले. समोर शंभर रुपये आणि ते आत घालायला जागा नाही. मग मी नोट उचलून शेजारच्या चहावाल्याकडे धावले. "भाऊ, हे घ्या अन् मले आत्ताच्या आत्ता शंभर टाका, नंबरवर टाका!" त्याच्या हाताला साखर लागलेली. त्याने हात पुसला, फोन शोधला, चष्मा शोधला. मी त्याच्यापुढे अक्षरशः नाचत होते.

परत आले तेव्हा चाळीस सेकंद होते. बटण दाबलं, कोड आला, कोड घातला. गोल फिरू लागलं. आम्ही तिघंही त्या गोलाकडे बघत होतो. आई तर हात जोडून बसली होती. मग पान पांढरं झालं आणि त्यावर आलं, 'तुमची वेळ संपली आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' त्याच क्षणी माझा फोन वाजला. खात्यातून दोन हजार दोनशे एक्क्याऐंशी रुपये वजा.

पुन्हा उघडलं. आमचे दोन चौकोन राखाडी झाले होते.

मी टेबलावर हात आपटला. काय काय बोलले आता आठवत नाही. लुटारू म्हणाले, दरोडेखोर म्हणाले. सरळ सांगायचं ना आधी, माणूस शेवटच्या पानावर आला की मानेवर पाय द्यायचा, असं काहीसं. आईला ऐकू येत नव्हतं म्हणून मला जोर चढला होता.

चाचा शांतपणे म्हणाले, "बेटी, बुरा नको मानू. पन तूबी मागल्या टायमाले मले फॉर्मचे साठ सांगतले अन् उठतानी नव्वद घेतले. स्कॅनचे येगळे म्हने, प्रिंटचे येगळे म्हने. मी देऊन टाकले. आता येवढं भरून झाल्यावर मानूस काय उठून जाते का?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ते आपले आठवलं म्हणून बोलले. पण माझे कान तापले. खरंच होतं ते. मी साठच सांगायची, कारण पलीकडच्या दुकानातही साठच सांगत. बाकीचे शेवटी. मी त्यांचा फॉर्म भरून दिला, काही घेतलं नाही, आणि त्यांचे शंभर संध्याकाळी परत केले. दुसऱ्या दिवशी काचेवर कागद लावला, 'सर्व मिळून नव्वद रुपये.' त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं कागद वाचून पलीकडच्या दुकानात गेली.

तिकीटवाल्यांच्या मदतीच्या नंबरवर मी त्या दिवशी पाच वेळा फोन लावला. आधी नुसती रेकॉर्ड केलेली वाक्यं, हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन. पाचव्या वेळी एक खरी मुलगी बोलली, हिंदीत, अतिशय गोड आवाजात. पैसे सात ते दहा कामकाजाच्या दिवसांत परत येतील म्हणाली. फक्त सुविधा शुल्क आणि त्यावरचा कर परत मिळत नाही.

"कोणती सुविधा?" मी विचारलं. "मला तिकीटच मिळालं नाही. मला कोणती सुविधा मिळाली, ते सांगा."

पलीकडे की-बोर्ड वाजला. मग ती म्हणाली, "मॅडम, मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ." मी फोन ठेवला. तीही कुठेतरी अशाच दुकानात बसली असणार, समोरचं वाचून दाखवत.

आणि मग मी ते केलं, ज्याची मला अजून लाज वाटते. घरी गेले तेव्हा आई दारातच उभी होती. "झालं का?" तिने हाताने खूण केली. दिवसभरात दुकानात नेमकं काय झालं ते तिला कळलंच नव्हतं. पैसे अडकलेत, पुन्हा प्रयत्न करतेय, एवढंच मी तिला दुपारी कागदावर लिहून दाखवलं होतं. आता तिचा चेहरा असा होता की मी मान हलवली. झालं. मिळालं तिकीट. सातवी रांग.

सात ते दहा दिवस नुसते म्हणतात, पैसे तीन-चार दिवसांतच येतील असं मला वाटलं होतं, आले की काढू. कुणाकडे उसने मागावे असं रोज मनात यायचं आणि रोज वाटायचं, आज येतील. बुधवारी नऊशे नव्याण्णवची तिकिटं संपली. गुरुवारी मागची, चारशे नव्याण्णवची, थोडी राहिली होती. ती घ्यावी का? शेवटच्या रांगेतून तिला काय ऐकू येणार? मी विचार करत राहिले आणि शुक्रवारी तीही गेली. शनिवारी सगळ्या नकाशाचे चौकोन राखाडी झाले होते.

या दिवसांत आईने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. तिला स्वतःचा आवाज कळत नसल्याने ती मोठ्याने सांगायची, "अमरावतीले चाललो रविवारी! पोरगी नेऊन राहिली!" शनिवारी संध्याकाळी तिने स्वतःसाठी नवा ब्लाउज पुरा केला, मोतिया रंगाचा. मी तो हातात घेतला आणि आता सांगावं म्हणून तोंड उघडलं. ती म्हणाली, "बटनं पाह्य, कशी बसली." मी बटणं पाहिली.

रविवारी सकाळी सहाच्या एसटीने निघालो. आम्हा दोघींना अर्धं तिकीट. माझ्याकडे आठवड्याच्या कमाईचे सोळाशे रुपये रोख होते, परतीचं भाडं वेगळं रुमालात बांधलेलं. दारात कुणीतरी तिकीट विकायला उभं असतं, असं मी ऐकलं होतं. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, मी रुमालाची गाठ चाचपत राहिले. आई खिडकीशी बसून आपल्याशीच काहीतरी गुणगुणत होती. सूर पार सुटला होता. पूर्वी ती सुरात गायची.

सभागृहापुढे झाडाखाली मी तिला बसवलं आणि दाराशी गेले. तिथे तिकीट खिडकी होती, पण तिच्यावर पत्रा ठोकलेला. बाजूला एक चौकोनी छापा चिकटवलेला, मोबाइलने टिपायचा. टिपला तर 'हाउसफुल्ल.' पहारेकरी चांगला माणूस होता. "ताई, मोबाइलमंधी तिकीट दाखवा अन् आत जा. नसन तं मी काय करू सांगा? माह्या हातात तं हेच हाये," म्हणून त्याने तिकीट वाचायचं यंत्र दाखवलं. मी रांगेतल्या माणसांना विचारत सुटले. जास्तीचं आहे का? एखादं जास्तीचं? काहीजण मान हलवत, काहीजण माझ्याकडे न बघता पुढे सरकत. एका माणसाने मला सुटे नाहीत म्हणून सांगितलं.

साडेदहाला दहा मिनिटं कमी असताना आई झाडाखालून उठून माझ्याजवळ आली. माझा दंड धरला. "चाल ना व, सुरू होईन."

"आई, थांब."

"काय?"

"तिकीट नाही."

"काय म्हनते?"

मी तिच्या उजव्या कानाशी गेले. आजूबाजूला गर्दी बोलत होती, गाड्या वाजत होत्या. "तिकीट नाही आपल्याकडे!"

"तिकीट? तुह्या मोबाइलमंधी हाये ना?"

मग मला ओरडावंच लागलं. "नाही! कुठंच नाही! मी खोटं बोलली! मी तुले खोटं सांगितलं आई!"

सगळी रांग गप्प झाली. साडीतल्या बायका, झब्ब्यातले पुरुष, सगळे आमच्याकडे वळले. मी कधी एवढ्या लोकांसमोर मोठ्याने बोलले नव्हते, आणि बोलले ते हे. आईला अजून नीट कळलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, ओठ वाचत. मी पुन्हा ओरडले, "खोटं!" या वेळी कळलं. तिने माझा दंड सोडला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिने नुसता पदर सारखा केला, त्या नव्या ब्लाउजवरून, आणि जमिनीकडे बघत उभी राहिली.

रांगेतून एक बाई बाहेर आली. साठीची असेल, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंसारखी दिसत होती. "माझ्याकडे एक आहे," ती म्हणाली. "बहीण येणार होती, नाही आली. तिसरी रांग. पंधराशेचं आहे." मग मोबाइल काढत, "मला सतराशेला पडलं. पण तुम्ही पंधराशेच द्या."

मी पैसे मोजून दिले. मग विचारलं, "कोणत्या अंगाला?"

"उजव्या. अगदी कडेला."

म्हणजे स्टेज डावीकडे. म्हणजे आईचा मेलेला कान गाण्याकडे आणि जिवंत कान भिंतीकडे. आता ते बदलणं कुणाच्याच हातात नव्हतं. मी आईला खुणेने सांगितलं, तू जा, मी इथे बसते. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या बाईने तिचा हात धरला आणि दोघी आत गेल्या.

मी सभागृहाच्या मागच्या बाजूला जाऊन पायरीवर बसले. तिथे एक दार होतं, चहा-पाण्याची ने-आण चालू होती म्हणून ते अर्धवट उघडंच राहत होतं. तिथून मला सगळं ऐकू आलं. तानपुरा लागला तो ऐकू आला, बाईंनी खाकरून पहिला स्वर लावला तो ऐकू आला. आवाज थकला होता, पण तोच होता, आमच्या फळीवरचा. आईचं ते आवडतं गाणं, जे लागलं की टेप गळ्यातच राहायची, ते तिसरं होतं. मी पायरीवर बसून ते पूर्ण ऐकलं. एकही पैसा न देता, धडधाकट दोन्ही कानांनी. मला उठून जावंसं वाटत होतं, लांब, जिथे काही ऐकू येणार नाही अशा ठिकाणी. पण आई बाहेर आली आणि मी दिसले नाही तर, म्हणून तिथेच बसले. कानांवर हात ठेवून पाहिले. तरी येतच होतं.

साडेबाराला लोक बाहेर पडू लागले. ती बाई आईला धरून माझ्यापर्यंत घेऊन आली. आईला कळू नये म्हणून मान वळवून म्हणाली, "स्पीकर आमच्या अगदी शेजारी होता हो. त्यांना त्रास झाला. मध्ये कान दाबून बसल्या होत्या. मी म्हटलं बाहेर जाऊ या, तर नाही म्हणाल्या." मी तिचे आभार मानले. ती गेली.

बसस्टँडवर आम्ही दह्यात भिजवलेला गिला वडा घेतला. आईने अर्धा खाल्ला. मी विचारायची हिंमत करत नव्हते. मग तिने स्वतःच सांगितलं, नेहमीच्या मोठ्या आवाजात, आजूबाजूच्या बाकांना ऐकू जाईल असं.

"आवाज नुस्ता टोचून राह्यला होता. गानं काई समजलं नाई." तिने द्रोण बाकावर ठेवला. "तिनं हात वर केला का बाही वढे. डावी. मुंढ्यात कमी पडला कपडा. येवढी मोठी बाई अन् ब्लाउज कोनं शिवला का मालूम. दोन घंटे मी तेच पाहत बसली."

मी रडायला लागले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि रुमाल दिला, पण जवळ सरकली नाही.

एसटीत बसल्यावर तिने पिशवीतून पेन काढलं, तिथे मिळालेला कार्यक्रमाचा कागद काढला, उलटा केला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "लिह्य," ती म्हणाली. "काय झालं ते सगळं लिह्य. मले काई गाळू नको."

मी लिहिलं. बस हलत होती, अक्षर वाकडं येत होतं. पानोपान तोच आकडा कसा दिसला आणि शेवटी कसा वाढला, पैसे कसे गेले, चाचा काय म्हणाले, मी स्वतः लोकांकडून कसे घेत होते, तेही लिहिलं. बुधवारपासून शनिवारपर्यंत मी रोज कशी थांबत गेले, ते लिहिलं. आणि डॉक्टर गाण्याबद्दल काय म्हणाले होते, तेही शेवटी लिहिलं. कागद पुरला नाही तेव्हा समासात लिहिलं.

तिने तो बोट ठेवून ठेवून वाचला. बडनेरा मागे पडलं. शेवटच्या ओळींवर ती फार वेळ थांबली. मग पेन मागितलं. तिला बोलता येत होतं, बोलायला काही अडचण नव्हती, तरी तिने लिहिलं. मोठं मोठं अक्षर, चौथीतल्या पोरीसारखं. कोपऱ्यात जेवढी जागा उरली होती तेवढ्यात.

'मले आता आयकू येणार नाई. म्हणून तू तं खरं सांगत जाय.'

मी मान हलवली. ती माझ्या मान हलवण्याकडे बघत राहिली, आणि मला कळलं की मागच्या आठवड्यातही मी अशीच मान हलवली होती. म्हणून मी पेन घेतलं आणि खाली 'हो' लिहिलं. तिने कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली, आणि मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर तूर कापून झालेली काळी रानं होती. मला तिला काहीतरी म्हणावंसं वाटत होतं, पण मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते.

पैसे अकराव्या दिवशी आले. सुविधा शुल्क सोडून.